शहाद्याचा रानपिंगळा आणि पामेला रासमुसेन यांचे श्रेय

धुळ्यातील आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद झाला तो पक्षिशास्त्रज्ञाचे मोठेपण कशावरून ठरवावे, या प्रश्नावर. विषय निघाला अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्यामुळे. अण्णा मूळचे शहाद्याचे, आणि ११३ वर्षे कोणत्याही विश्वसनीय नोंदीत नसलेला रानपिंगळा, म्हणजे घुबडाच्या कुळातला एक छोटा पक्षी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा दिसला तो शहाद्याजवळच. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, त्यामुळे ती घटना आम्ही आपल्या धुळे जिल्ह्याचीच मानतो.

अण्णांचा आक्षेप सरळ होता. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा माणसे ज्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तिथला पक्षी त्यांच्या नजरेतून सुटला असेल हे शक्यच नाही. मग अमेरिकेतील संग्रहालयात काम करणारी एक बाई येते आणि ‘शोध’ तिच्या नावावर जमा होतो, हे त्यांना पटत नव्हते. शिवाय त्या सकाळी तो पक्षी प्रथम दिसला तो रासमुसेन यांचे सहकारी बेन किंग यांना, हेही त्यांनी बजावून सांगितले.

यावर आमचे निवृत्त प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, “अण्णा, तुम्ही शहाद्यापासून सुरुवात करता आहात. ही गोष्ट सुरू होते संग्रहालयाच्या खणात.” पुढची पंधरा मिनिटे कोणी त्यांना अडवले नाही.

ह्यूम या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे जेमतेम सात नमुने (कातडी भरून जतन केलेले पक्षी) संग्रहालयांत होते आणि शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मध्ये डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातच मिळवला होता. त्यानंतरच्या नमुन्याची एकच नोंद होती, ती कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाची: १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. रासमुसेन १९९० च्या दशकात अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील ग्रंथासाठी काम करत होत्या. नोंदी पडताळताना त्यांना या कर्नलांच्या नमुन्यांचा संशय येऊ लागला. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याची कातडी सोलण्याची, शिवण्याची, आत कापूस भरण्याची स्वतःची पद्धत असते, आणि ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. मांडवीचा म्हणून ठेवलेला रानपिंगळा क्ष-किरणांखाली आणि टाक्याटाक्याने तपासल्यावर दिसले, की तो मुळात डेव्हिडसन यांनीच तयार केलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांच्याबरोबरचा त्यांचा हा निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आला, पण मांडवी शोधयादीतून वगळायची हे १९९७ मध्ये भारतात येण्यापूर्वीच ठरले होते. म्हणजे खोटी नोंद बाजूला काढली, म्हणून पावले जुन्या, खऱ्या नोंदींच्या गावांकडे वळली.

वकीलसाहेबांनी वेगळाच मुद्दा काढला. कर्नल १९६७ मध्येच वारले. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही त्याच्यावर ठपका ठेवणे हे संशोधन नव्हे, तपासणीचे काम झाले, असे त्यांचे मत पडले. इथे मला राहवले नाही. त्या माणसाचे हजारो नमुने संग्रहालयात आहेत, आणि त्यांवर विसंबून कोणता पक्षी कुठे राहतो, कधी स्थलांतर करतो, याचे नकाशे काढले गेले. एक खोटी चिठ्ठी पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासकांना चुकीच्या रानात पाठवते. ती शोधून काढणे हे माझ्या मते नवा पक्षी शोधण्याइतकेच मोलाचे काम आहे, आणि ते कमालीच्या चिकाटीचे आहे.

नवे पक्षीही त्यांच्या खात्यावर आहेतच; निकोबारचा एक छोटा घुबड त्यांनी १९९८ मध्ये वर्णिला. पण खरा परिणाम झाला तो जॉन अँडर्टन यांच्यासह २००५ मध्ये काढलेल्या दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील दोन खंडांचा. त्यात आवाजांचे आलेख होते, संशयास्पद नोंदी वेगळ्या काढलेल्या होत्या, आणि पूर्वी उपजाती मानलेल्या कितीतरी पक्ष्यांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिलेला होता. या शेवटच्या गोष्टीवर टीकाही झाली: एवढे निर्णय स्वतंत्र निबंधांतून सविस्तर पुराव्यासह मांडायला हवे होते, असे समीक्षकांनी म्हटले. सरांना ती टीका रास्त वाटते, मलाही वाटते. तरीही भारतातील कित्येक पक्षिनिरीक्षक आज ज्या वेगळ्या नावांनी नोंदी करतात, त्यांतली बरीच त्या ग्रंथामुळे रुळली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की लहानपणी शेताच्या कडेला भर दिवसा वठलेल्या झाडावर बसलेला पिंगळा त्यांनी अनेकदा पाहिला आहे. तो साधा होता की रानपिंगळा, हे आता कसे सांगणार? सरांनी सांगितले, की साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छातीवर रुंद गडद पट्टे, पाय जाड पांढऱ्या पिसांनी भरलेले. तोरणमाळ आणि मेळघाटात तो नंतर सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसला.

“डोक्याकडे कधी पाहिलेच नाही,” अण्णा म्हणाले, आणि येत्या हिवाळ्यात शहाद्याला जाताना सरांनी दुर्बीण घेऊन बरोबर यावे, असा आग्रह त्यांनी धरला.