पाण्याचा दिवस भिंतीवरच बरा

"का बे, अजून चिठ्ठ्याच घेऊन फिरतोस?" म्हणत आमच्या बँकवाल्यानं माझ्या शर्टाच्या खिशातली वाण्याची यादी उपसली, आणि सोलापुरात कन्ना चौकातल्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाद पेटला. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली यादी. वर 'श्री', खाली तूरडाळ, शेंगदाणे २ किलो, साबण. मध्येच आईच्या अक्षरात घुसवलेला 'कापूर' आणि सगळ्यात खाली पोरानं पेन्सिलीनं लिहिलेलं 'खोडरबर'.

त्याचं म्हणणं, हे सगळं आता फोनमध्ये होतं. यादी घरातल्या सगळ्यांना दिसते, कुणी काय आणलं ते लगेच कळतं, पोरगी पुण्यात बसून त्यात भर घालते. खोटं काहीच नाही. मी एवढंच विचारलं, "तुझी आई त्या यादीत कधी काही लिहिते का?"

"तिला कुठं येतंय ते! ती बायकोला सांगते, बायको टाकते."

माझं अडतं ते इथंच. कापूर लिहायला आईला दुसऱ्याचा हात लागत असेल, तर ती यादी घराची कशी?

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खिळ्याला कॅलेंडर आहे, त्याला सुतळीनं पेन बांधलेला. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये चार-पाच दिवस जातात. म्हणून पाणी आलं की त्या तारखेला 'पा' आणि शेजारी वेळ. दुधाचा खाडा पडला की चौकोनाच्या कोपऱ्यात फुली. सिलिंडर लावला की तारखेभोवती गोल. महिनाअखेरीला दूधवाला दारात उभा असतानाच हिशेब होतो: ३१ मधून ३ फुल्या गेल्या, २८ लिटर. तोही मान वाकवून फुल्या मोजतो, शब्दाला शब्द लागत नाही. मागच्या पानावरच्या गोलापासून या पानावरच्या गोलापर्यंत दिवस मोजले की गॅस या खेपेला लवकर संपला हे कळतं, आणि मधल्या चौकोनात 'आत्या आली' असं लिहिलेलं असतं, त्यावरून का ते पण कळतं. हे सगळं भाजी फोडणीला टाकता टाकता नुसतं मान वर करून दिसतं.

"भिंत वाजते का बे?" आमचा मेडिकलवाला मध्ये पडला. "बीपीची गोळी घ्यायला विसरलेली माणसं मी रोज बघतो. रात्री नऊला कॅलेंडर येऊन तुला उठवणार आहे का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. वेळेवर हाक मारणं हे कागदाचं कामच नव्हे. माझ्या गोळीचा गजर फोनवरच आहे आणि तिथंच राहील.

पण बँकवाल्याला तेवढ्यावर थांबवेना. "सणवार पण फोनच सांगतो की आता," म्हणाला. तेव्हा गिरणीतून रिटायर झालेले अण्णा, तोवर गप्प बसलेले, बोलायला लागले. २०२५ साली त्यांच्या फोननं १४ जुलैला श्रावणी सोमवार दाखवला. अण्णांनी उपास धरला, सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेले, तर श्रावणाची गर्दीच नाही. आपला पहिला सोमवार होता २८ जुलैला. उत्तरेकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला, त्यामुळं तिकडचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. तेलुगू आणि कन्नड घरांतही गणना आपल्यासारखीच, म्हणून सोलापुरात तेलुगू लोकांच्या पूर्व भागात काय नि मंगळवार पेठेत काय, श्रावण एकदमच लागतो.

"दाते पंचांग शंभराहून जास्त वर्षं आपल्या गावातनं निघतंय," अण्णा म्हणाले, "आणि मी तिकडच्या श्रावणाचा उपास धरून बसलो." त्यांना ते मनापासून लागलं होतं. कुणी हसलं नाही.

"ते सेटिंग बदलता येतं, अण्णा."

येत असेल. पण फोन चुकलाय हे कळायला बरोबर काय ते घरात कुठंतरी टांगलेलं लागतं. श्राद्धाचंही तसंच. दरवर्षीसाठी म्हणून एकदा फोनमध्ये टाकलं की तो तारीख धरून बसतो, आपल्याला तिथी हवी असते. यंदा २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं पुढचे सण लांबणार. मी जानेवारीतच पंचांग मांडीवर घेऊन वर्षाच्या तिथी लाल पेनानं कॅलेंडरवर उतरवतो. तास-दीड तास जातो. आई शेजारी बसून एकेक नाव सांगत असते, आणि नावाबरोबर त्या माणसाचं सगळंच निघतं: कुठल्या मागावर होता, पोरगी कुठं दिली, शेवटी कुणी बघितलं. तो तास मला कुणाच्याही हवाली करायचा नाही.

बँकवाल्यानं यादी माझ्या खिशात परत ठेवली. "आणि वर्ष संपल्यावर? रद्दीतच ना?"

सगळी नाही. वडील गेले त्या महिन्याचं पान मी ट्रंकेत ठेवलंय. त्यावर ४ आणि ९ तारखेचा 'पा' त्यांच्या हातचा आहे, तिरका. १४ तारखेचा आईचा.