जीप आहे, गळणारच? सिलिकॉनच्या तीन ट्यूबवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या थारमध्ये, म्हणजे महिंद्राच्या जीपमध्ये, पाणी कुठून शिरतं ते पावडर भुरभुरून आणि होजपाइपने पाणी सोडून कसं शोधायचं, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर पेणहून एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया टाकली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जीप आहे, गळणारच. पावडर, होजपाइप, दोन माणसं हे रिकामटेकड्यांचे उद्योग. आपण फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या तीन ट्यूब मारल्या, फ्लोअरला ड्रिलने भोकं पाडली, आलेलं पाणी निघून जातं. वडिलांची एमएम ५४०, महिंद्राची जुनी जीप, जन्मभर गळत होती, तिचं काही बिघडलं नाही. आपल्या थारचं डावीकडचं मॅट तर मे महिन्यातसुद्धा ओलं असतं, म्हणून काय गाडी उकलून बसायचं? उगाच लोकांना घाबरवू नका.

दादा, एवढं मनापासून लिहिलंत, तर दोन ओळींत उत्तर देऊन बोळवण करणं बरं नाही. म्हणून सविस्तर.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. जीपची बांधणीच अशी की ती कारसारखी कोरडी राहणं अवघड. खाली टब म्हणजे पत्र्याची उघडी बॉडी, वर हूड म्हणजे कापडी छत, आणि पुढे काचेची फ्रेम वेगळी, बोल्टने काउलवर, म्हणजे बॉनेट आणि काचेमधल्या पत्र्यावर बसवलेली. विलिसच्या, म्हणजे मूळ अमेरिकन लष्करी जीपच्या जमान्यात ती फ्रेम बॉनेटवर आडवी पाडायची सोय होती, त्याच वंशावळीतून हे सगळं आलंय. जितके सांधे तितकी पाण्याला दारं. तेव्हा आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये मांडीवर एखादा थेंब पडला, तर मीही पुसतो आणि पुढे जातो.

पण वडिलांच्या एमएम ५४०चा दाखला इथे चालत नाही. त्या गाडीत खाली उघडा पत्रा, फार तर रबरी मॅट. पाऊस थांबला, मॅट उचलून कुंपणावर टाकलं, दुपारपर्यंत फ्लोअर खडखडीत. प्यूजोचं डिझेल इंजिन, दिवे-हॉर्न-वायपर सोडले तर विजेचं काम ते किती! २०१० ते २०२० मधली सीआरडीई थार दिसते जीपसारखी, पण तिच्यात कॉमन रेल इंजिन आहे, ते चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स आहे, डॅशबोर्डमागे हार्नेस, म्हणजे वायरींचे टेप गुंडाळलेले जाड जुडगे आहेत, एसी आहे. वर आपण हौसेने मॅट टाकतो आणि त्याखाली आवाज कमी व्हावा म्हणून फेल्ट. ते फेल्ट एकदा भिजलं की कोकणातल्या हवेत दिवाळीपर्यंत सुकत नाही. मॅट वरून कोरडं, खाली पत्रा ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखा. अलिबाग-मुरूडच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. खारं पाणी फेल्टमध्ये मुरलं की मीठ हवेतला दमट ओलावा ओढत राहतं, पाऊस असो नसो.

आता सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ना? सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. उघड्या किंवा खरवडलेल्या पत्र्यावर ते लागलं की गंज तिथूनच सुरू. बाथरूमच्या टाइलला ठीक आहे, टाइल गंजत नाही. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. पुढे कधी पेंटरकडे गाडी नेलीत तर तो आधी कपाळावर हात मारेल.

याहून मोठी भानगड वेगळीच आहे. आपण सिलिकॉन मारतो ते पाणी दिसतं तिथे, आणि पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतंच बहुतेक वेळा. बाहेर पडायची वाट बुजवली की पाणी आत साचतं, एवढाच त्या तीन ट्यूबचा हिशेब.

एका मित्राची थार सांगतो. ड्रायव्हरच्या पायापाशी पाणी. गॅरेजवाल्याने दरवाजाचं रबर बदललं, बिल घेतलं, पाणी होतं तिथेच. मग आम्ही डॅशखालचं कव्हर काढलं, मॅट-फेल्ट बाहेर, आतला सगळा भाग फडक्याने पुसून कोरडा केला आणि साधी टाल्कम पावडर भुरभुरली. बाहेर एकाने होजपाइप धरला, पुढचं नोझल काढून, पाणी नुसतं ओघळेल इतकंच. प्रेशर वॉशर घ्यायचा नाही. त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो. सुरुवात खालून. उंबऱ्यापाशी पाच मिनिटं, मग दरवाजाची बिजागरी, मग फ्रेम आणि काउलमधली रबरी पट्टी. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठला सांधा दोषी ते कळत नाही. आतला माणूस बॅटरी घेऊन उताणा पडलेला, पाय सीटवर, डोकं पेडलपाशी. खालचे सगळे सांधे कोरडे. होजपाइप काचेच्या वरच्या कोपऱ्यावर गेला तरी बराच वेळ काही नाही. आम्ही सोडून देणार तेवढ्यात हार्नेसच्या टेपवर एक थेंब चमकला, वायरवरून सरकत सरकत सगळ्यात खालच्या वळणाला आला, तिथे लोंबकळला आणि टपकन पेडलवर पडला. मागोमाग पावडरवर बोटाएवढा ओघळ उठला.

म्हणजे पाणी काचेच्या रबराच्या वरच्या कोपऱ्यातून शिरत होतं, फ्रेमच्या पोकळ खांबातून खाली उतरत होतं, काउलच्या आत पडून हार्नेस धरून पायापाशी येत होतं. दरवाजाचा काडीचाही संबंध नाही. अशा गाडीला उंबऱ्यावर तीन काय, तेरा ट्यूब मारा.

त्या कोपऱ्यात रबराची कड उचलली तर खाली गंजाचा पापुद्रा. गंज फुगतो, रबर उचलतो, फटीतून आणखी पाणी जातं, आणखी गंज. वरून सिलिकॉन फासलं असतं तर हेच झाकून चाललं असतं आणि दोन-चार वर्षांत फ्रेमच बदलावी लागली असती. गंज वरवरचा असेल तर रबराच्या ओठाखाली काचेसाठीचं न सुकणारं सीलंट भरलं की भागतं. पापुद्रे सुटत असतील तर काच काढायची, पत्रा घासायचा, इपॉक्सी प्रायमर, रंग, मग नवं रबर. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर थांबू नका, ते ओल धरतं. फ्रेम आणि काउलमधली पट्टी कडक होऊन चिरली असेल तर नवी टाका, तिथे सीलंटची भर घालून जुनी पट्टी जगवण्यात अर्थ नाही. पत्र्याच्या जोडांना सीम सीलर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. बोल्टने आवळलेल्या, पुढे कधी उघडाव्या लागतील अशा जागी ब्यूटाइल टेप, ती चिकट राहते आणि पत्रा हलला तरी फाटत नाही.

गळती गाडी उभी असताना होते की चालताना, एवढं जरी नीट पाहिलंत तरी निम्मं काम होतं. उभ्या गाडीत येत असेल तर वर बघा: काच, काउल, हुडाची शिवण, वायपरचे स्पिंडल बाहेर येतात ती भोकं. फक्त चालताना येत असेल तर खाली: चाकांनी उडवलेलं पाणी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, ग्रॉमेटमधून (वायर जाते त्या भोकातल्या रबरी कडीतून) येतं, स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या रबरातून येतं. नवा हॉर्न किंवा लाइटबार लावताना वायरमनने ग्रॉमेट न घालता केलेल्या भोकातून तर हमखास. जोराच्या वाऱ्यात हुडाची पुढची कड फुगते, तेही चालतानाच कळतं.

हुडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिवणीच्या सुईभोकांतून झिरपतं, त्याला शिवणीवर लावायचं सीलर मिळतं. कापड ढिलं पडून वर पाण्याचं तळं साचत असेल तर हूडवाल्याकडून आवळून घ्या.

फायबरचा हार्डटॉप बाहेरून बसवला असेल तर मात्र जपून. एकाच साच्यातून निघालेला टॉप, पण प्रत्येक गाडीचा टब थोडा वेगळा वाकलेला, म्हणून एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला ताण. ही फट भरायला बसवणारे बहुतेकदा साधा स्पंज लावतात. तुकडा ओठांना लावून फुंकून बघा; हवा पलीकडे जात असेल तर पाणीही जाणार, वर तो स्पंज भिजून टबाची कड कुजवणार. हवा न जाणारी ईपीडीएम रबराची पट्टी हवी. पत्र्याचे, काच खालीवर होणारे दरवाजे बसवले असतील तर त्यांच्यात पाणी जाणं गैर नाही, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने बुजली किंवा स्पीकर बसवताना आतला प्लास्टिकचा कागद फाडला, की तेच पाणी गाडीत येतं.

मग तुमची ड्रिलची भोकं. दादा, फ्लोअरला कंपनीनेच भोकं दिलेली असतात, रबरी बुचं लावलेली. धुवायच्या वेळी ती काढायची, ओढा ओलांडायच्या आधी लावायची. तुम्ही पाडलेल्या भोकांना बूच नाही. चाकाने उडवलेला चिखल तिथून वर येणार, आणि ड्रिलची कड उघडा पत्रा असल्यामुळे गंजायला तिथूनच सुरुवात. फ्लोअरच्या खालून ब्रेकचे पाइप जातात, डिझेलची लाइन जाते, त्यातलं काही तुमच्या ड्रिलला लागलं नाही हे नशीब. खालून बघा, भोक एखाद्या पेटीसारख्या आडव्या पट्टीच्या वर तर आलं नाहीये ना? आलं असेल तर पाणी रस्त्यावर न पडता त्या पेटीत भरतंय, आणि ती पट्टीच फ्लोअर तोलून धरते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, खणखणीत आवाजाऐवजी भदभद आला की तिथे पत्रा संपलेला आहे. भोकं बुजवायची असतील तर कडा घासून प्रायमर लावा आणि रबरी बूच बसवा. ओल्या गंजावर अंडरबॉडी कोटिंग मात्र करून घेऊ नका, ओल आत कोंडली जाते.

मारलेलं सिलिकॉन काढायला प्लास्टिकचा स्क्रेपर आणि सिलिकॉन रिमूव्हर वापरा. रबरावर पेट्रोल ओतू नका, फुगतं.

आणि ते मे महिन्यातलं डावीकडचं मॅट. हे वाचून मला जरा हसूच आलं, कारण तुमच्या गळतीचा पत्ता तुम्हीच लिहून पाठवलाय. मे महिन्यात पेणला फारसा पाऊस नसतो, पण एसी फुल्ल असतो. एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी एका बारीक नळीने फायरवॉलमधून खाली पडायला हवं. ती नळी धुळीने, पानांच्या चुऱ्याने तुंबली की पाणी मागे फिरतं आणि केबिनमध्ये सांडतं. एसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गाडीखाली बघा. एरवी प्रत्येक गाडीखाली थेंब पडतात. तुमच्या खाली जमीन कोरडी असेल तर नळी शोधून खालच्या टोकाने हलकेच फुंका किंवा मऊ नायलॉनची दोरी सारा. तार खुपसू नका, आतला प्लास्टिकचा ट्रे फुटतो. त्याआधी मॅटवरचं पाणी बोटावर घेऊन बघा. गार आणि स्वच्छ असेल तर एसीच. चिकट लागलं, गोडसर वास आला, तर ते कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे हीटरची कॉइल किंवा तिचे होज गळतायत. मग रेडिएटरची पातळी तपासल्याशिवाय गाडी लांब काढू नका.