बागेतलं मांजर

आमच्या घरापुढे अंगण आहे, अंगणाच्या कडेने जास्वंद, कर्दळ आणि अबोली, मागच्या परसात केळी आणि अठरा माड. त्यांच्या मागे शेजाऱ्याचे माड आणि त्याही मागे समुद्र. अशा घरातल्या माणसाने बागेचं चित्र फ्रेम करून माजघरात लावायचं ठरवलं, तर वेंगुर्ल्याकडचे लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. माझी तर दोनदा झाली.

कारण सांगतो. बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र घटवून घेतलं आणि घरी येऊन भिंतीकडे पाहिलं, तर तिथे कालनिर्णय आणि पतपेढीचं लक्ष्मीचं कॅलेंडर. निवृत्तीनंतर म्हटलं, एक खरं चित्र हवं. म्हणजे खऱ्याची छापील प्रत. खरं चित्र घ्यायचं, तर सगळे माड विकून त्याची चौकटही आली नसती.

निवड केली व्हॅन गॉगची, ‘दोबिन्यीची बाग’. दोबिन्यी हा फ्रान्सचा जुना निसर्गचित्रकार, 1878 साली गेला. त्याची विधवा ओव्हेर गावातल्या त्यांच्या घरी राहत होती. व्हॅन गॉग आयुष्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत त्या गावात होता. दोबिन्यीबद्दल त्याला फार आदर, म्हणून त्याची बाग त्याने 1890 च्या उन्हाळ्यात रंगवली. जुलैअखेर तो गेलाच. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या बागेची यादीच दिली आहे. हिरवं-गुलाबी गवत, मध्ये गुलाबांचा वाफा, मागे निळसर कौलांचं घर, एक बाक, तीन खुर्च्या, पिवळ्या टोपीतली एक काळपट आकृती, आणि पुढे एक काळं मांजर.

या मांजरावर माझं चार महिने आयुष्य गेलं.

पुण्याच्या भाच्याने चांगल्या कागदावर चित्र छापून, नळीत गुंडाळून पाठवलं. ते घेऊन मी तालुक्याच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. कोकणातला फ्रेमवाला मुख्यत्वे तीन गोष्टींना काच लावतो: देव, डिग्री आणि दिवंगत. त्याने चित्र उलगडलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोण हे?”

“बाग आहे.”

“ती दिसता. पण गेले कोण?”

मी म्हटलं, चित्रकार गेला, 1890 साली.

“मगे खूप उशीर केल्यात, मास्तरांनू,” तो म्हणाला आणि टेप काढली.

चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट, हा व्हॅन गॉगचा तेव्हाचा आवडता आकार. फ्रेमवाल्याचा नाही. त्याच्याकडची सर्वांत मोठी तयार काच ‘आजोबा साइज’. मग काच वेगळी कापावी लागली. पट्टीसाठी मी साधं, गडद लाकूड मागितलं. त्याने सोनेरी वेलबुट्टीची पट्टी दाखवली आणि मी नकार देईपर्यंत हातातली खाली ठेवली नाही. चित्र आणि काच यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाल, हे मात्र मी बजावून सांगितलं. आपल्या हवेत कागद काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवायला गेलं की रंग काचेबरोबर येतो. हे त्यालाही ठाऊक होतं. नुसता एवढंच म्हणाला, “फोटोक कोण घालणत नाय.”

आठवड्याने फ्रेम मिळाली. वरच्या पट्टीला हारासाठी दोन हुक होते आणि एक चंदनी हार फुकट.

आडवी चार फूट फ्रेम रिक्षात मावत नाही. ती माझ्या मांडीवर, अर्धी बाहेर, अशी आम्ही आलो. वाटेत दोन ओळखीच्यांनी हात जोडले.

घरी आत्या पडवीत तांदूळ निवडत होती. वय ब्याऐंशी, नजर माझ्यापेक्षा चांगली. “ह्यां काय हाडलंस?” मी सांगितलं, पोस्ट-इम्प्रेशनिस्ट चित्र आहे. “पोस्टात आता ह्यां पण गावता?” मग मी मराठीत सांगितलं, उत्तर-दृकप्रत्ययवादी. त्यावर ती गप्प झाली, ती समजली म्हणून नव्हे.

फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा मात्र बोलली. “आपली बाग काय मेली म्हणान ही लावतंस?” मी हे अपेक्षिलं होतं. खुर्च्या तीन आणि बसलेला एकही नाही, हेही तिने नोंदवलं. हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी चित्रकलेचा शिक्षक. मग तिचं बोट खाली आलं. “आणि ह्यां?”

मांजर.

काळं मांजर दारासमोरच्या भिंतीवर लावायचं, म्हणजे घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस त्याच्या नजरेसमोरून जाणार. “भायर पडताना रोज आडवां जातलां,” आत्या म्हणाली. मी म्हटलं, ते कागदावर आहे, ते कुठेही जात नाही. “ताच सांगतंय. खरां आडवां गेलां तर निदान निघान जाता.”

या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बायकोने तोडगा काढला: मांजरावर देवीचं छोटं स्टिकर लावावं. मी दोन दिवस जेवलो नाही, असं ती सांगते. प्रत्यक्षात एक दिवस. तिसऱ्या दिवशी मी पुस्तकं काढून बसलो आणि तिथे मला माझी सुटका सापडली. या बागेची चित्रं एक नव्हे, तीन. पहिलं छोटं, ते त्याने कॅनव्हास नव्हता म्हणून चक्क फडक्यावर रंगवलं, ते ॲमस्टरडॅमला आहे. (आत्याला हे सांगितलं. तिने वळईवर वाळणाऱ्या माझ्या पंच्याकडे बघितलं. पुढे काही बोलली नाही.) दुसरं स्वित्झर्लंडमध्ये बाझलला, माझ्या मांजराचं. आणि तिसरं जपानात, हिरोशिमाच्या संग्रहालयात. त्या तिसऱ्यातलं मांजर चित्रकाराच्या मृत्यूनंतर कुणीतरी वरून रंग लावून गायब केलेलं आहे.

“बघलंस?” आत्या समाधानाने म्हणाली. “थंयच्या लोकांकव नको झालां.”

पुन्हा भाचा, पुन्हा नळी, पुन्हा फ्रेमवाला. त्याने तीच फ्रेम उघडून हिरोशिमा आत घातलं आणि बाझल गुंडाळून परत दिलं. हारही दुसरा दिला. दोन गेले, असा त्याचा हिशेब असावा.

मग भिंत. आमची भिंत चिऱ्याची, वर जुना गिलावा. चिऱ्यात खिळा ठोकला तर दोन गोष्टी होतात. एक, तो लोण्यात गेल्यासारखा आत जातो आणि तसाच बाहेर येतो. दोन, तो चिऱ्यातल्या खड्याला लागून वाकतो आणि गिलाव्याचा ताटाएवढा खपला खाली येतो. माझ्या नशिबी आधी एक आलं, मग दोन. अशा वेळी मोठं भोक पाडून त्यात लाकडी गुट्टी ठोकतात आणि गुट्टीत स्क्रू पिळतात. त्यासाठी ड्रिल लागतं आणि गावात ड्रिल वायरमनकडे. तो म्हणाला, “फाल्यां येतंय.”

फाल्यां म्हणजे उद्या, असं शब्दकोश म्हणेल. आमच्याकडे फाल्यां हे निश्चित कालमापन नसून सदिच्छा आहे. तो आला तो मृगानंतर, भर पावसात. आला आणि लाइट गेली. तासभर थांबला, दोन कप चहा घेतला, पावसावर, पोस्टावर आणि मुंबईच्या मुलग्यावर बोलला आणि गेला. दुसऱ्या खेपेला लाइट होती, पण ड्रिलची काडी शेजारच्या वाडीत राहिली होती. तिसऱ्या खेपेला चित्र लागलं. मी मागे सरून पाहिलं. किंचित डावीकडे कललं होतं. वायरमन म्हणाला, “तुमी उभे ऱ्हवताना उजवीकडे वाकतात.” आता उभं राहताना मी स्वतःला तपासतो.

आषाढ बरा गेला. बाहेर आभाळ पाट्यासारखं, अंगणात घोटाभर पाणी, घरात ओल्या कपड्यांचा वास, आणि भिंतीवर दोबिन्यीची कोरडी, उन्हातली बाग. दुपारी आरामखुर्चीत बसून मी तिच्याकडे बघायचो. बायकोने दोनदा विचारलं, नक्की काय दिसतं. मी म्हटलं, ऊन.

माउंट घातलं होतं, पण मागून? मागे फ्रेमवाल्याने साधा पुठ्ठा मारून कागदी टेप लावली होती आणि भिंतीला ओल धरते ती मागूनच. चतुर्थीच्या चार दिवस आधी जाळ्या काढताना बायकोने हाक मारली. खाली, पुढच्या गवतात, साधारण तिथेच जिथे बाझलच्या प्रतीत मांजर आहे, एक काळसर डाग उठला होता. बुरशी. मी काच पुसली. डाग काचेच्या आत होता. चतुर्थीआधी फ्रेम उघडायला फ्रेमवाल्याला वेळ नव्हता, त्याच्याकडे गणपतीच्या मखराच्या काचा होत्या. “फाल्यां बघूया,” म्हणाला.

भजनाला मंडळ आलं. पखवाज लावता लावता बुवा बराच वेळ चित्राकडे बघत होते. शेवटी म्हणाले, मास्तर, तो खाली कुत्रो काय?

रात्री सगळे गेल्यावर आत्या उठली, चष्मा लावला, भिंतीला हात टेकून वाकली. डाग गेल्या आठवड्यापेक्षा लांबला होता, मागच्या बाजूला बारीक होत गेलेला, टोकाशी जरासा वर वळलेला.

“शेपटी इली रे, बाबल,” ती म्हणाली. “आता टकली येतली.”