‘घोरतायत, म्हणजे शांत झोपलेत’: त्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मला तीन पेशंटांच्या घरच्यांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: ऑपरेशननंतर माणूस घोरत असेल तर गाढ झोप लागली आहे, उठवू नका, ऑक्सिजन लावलाय ना, मग धोका नाही, घरचं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) हॉस्पिटलात नेऊ नका, इन्फेक्शन होतं, आणि कमरेत भूल दिली तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) काळजीच नको. मी ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. यातली पहिली गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून हे लिहिते आहे.

घोरणं म्हणजे अरुंद झालेल्या घशातून हवा ओढण्याचा आवाज. स्लीप ॲप्नियात हा घसा झोपेत पुन्हा पुन्हा मिटतो आणि श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो. एरवी मेंदू माणसाला किंचित जागं करतो आणि श्वास परत सुरू होतो. भुलीची औषधं आणि मॉर्फीन, फेंटानिल, अगदी ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकंसुद्धा नेमकी हीच जाग बोथट करतात. नौपाड्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मुलगी आनंदाने म्हणाली, “बाबांचं घोरणं थांबलं, आता छान झोपलेत.” शेजारच्या खाटेजवळची सिस्टर ते ऐकून धावली. तिने हनुवटी वर उचलली, जोरात हाका मारल्या, तेव्हा बाबांनी श्वास घेतला. घोरता घोरता अचानक सगळं शांत झालं, तर लगेच हलवून उठवा आणि सिस्टरला बोलवा.

ऑक्सिजनचा मुद्दा फसवा आहे. नळी लावलेली असेल तर श्वास मंदावला तरी रक्तातला ऑक्सिजन मोजणारं बोटावरचं यंत्र बराच वेळ 97-98 टक्के दाखवू शकतं. आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, त्याने गुंगी वाढते, श्वास आणखी मंदावतो. म्हणून आम्ही मिनिटाला श्वास किती ते मोजतो, आणि सोय असेल तिथे कॅप्नोग्राफ (श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावतो. रिकव्हरीतून वॉर्डात पाठवण्याआधी ऑक्सिजन काढून, पेशंटला न हलवता, शक्यतो झोपेत असतानाच बोटावरच्या यंत्राचा आकडा टिकतो का ते बघायचं असतं. नातेवाइकांना ही दिरंगाई वाटते. पण त्या वेळी घाई करू नका.

सीपॅप मशीन जरूर आणा. मास्क धुऊन आणा आणि ॲडमिट होतानाच सांगा.

कमरेतल्या भुलीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. जिथे चालते तिथे मीही तीच निवडते. पण सोबत झोपेचं इंजेक्शन दिलं, किंवा कमरेतच मॉर्फीन सोडलं, तर श्वासावरचा परिणाम 24 तासांपर्यंत कधीही दिसू शकतो. मग पहारा आलाच.

शिवाय आपल्याला हा आजार आहे हे कित्येकांना माहीतच नसतं. जोरात घोरणं, दिवसा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला, रक्तदाब, लठ्ठपणा, पन्नाशी ओलांडलेली, 40 सेंटिमीटरहून जाड मान, पुरुष असणं: यातल्या तीन गोष्टी जुळत असतील तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगा.

आणि घरी आल्यावरही जपा. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री स्वप्नांची झोप कमी होते आणि पुढे ती उसळून परत येते, त्यामुळे श्वास अडकणं तिसऱ्या रात्रीच्या सुमारास सर्वाधिक असू शकतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर उताणं झोपवू नका; कुशीवर किंवा उशाकडून उंच करून झोपवा. दुपारच्या डुलकीलाही सीपॅप लावा, आणि झोपेची गोळी मनाने देऊ नका.