शब्द पटले नाहीत तरी ऐकणार : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या 'स्लो ट्रेन कमिंग'बद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. सार असं की १९७९ चा तो अल्बम म्हणजे निव्वळ ख्रिस्ती धर्मप्रचार, त्यात अरबांना हिणवलंय, तो ऐकूच नये, आणि "काका, शब्द बाजूला ठेवून नुसती गिटार ऐकायची ही शुद्ध पळवाट आहे. कोल्हापुरात बसून ती परवडते."

काका म्हणालात, म्हणा. केस पांढरे झालेच आहेत. पण 'कोल्हापुरात बसून' म्हणजे काय हो? पुण्यात ऐकला की डिलन वेगळा वाजतो? अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी याच गावात गायले. तेव्हा इथल्या माणसाला कान आहे की नाही, याचा दाखला निदान टोपणनावानं लिहिणाऱ्यानं मागू नये. मुद्दा होता तर मुद्दा मांडायचा. गावावर घसरायची काय गरज होती?

एक मान्य. पुढच्याच वर्षी आलेला डिलनचा 'सेव्हड' अल्बम मलाही सोसत नाही. प्रवचन आहे ते, आणि तेही लांबलेलं.

पळवाटीचा आरोप मात्र झोंबला, म्हणून त्यावर बोलतो. माझे वडील शेकापचे, सत्यशोधकी वळणाचे. घरात देव्हारा नव्हता, सत्यनारायण कधी घातला नाही. आणि तरी शिवाजी पेठेतल्या भजनी मंडळात पखवाज त्यांच्याकडेच असायचा. भजनाच्या दिवशी संध्याकाळी ते कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायचे, थाप मारून आवाज बघायचे, चिमूटभर काढायचे, परत लावायचे. आई चिडायची, की चपातीच्या पिठात हात घालू नका. मंडळातले म्हणायचे, "देव मानत न्हाईस आनि ठेका एवढा कसा रं धरतोस?" ते हसून सोडून द्यायचे. घरी येताना मात्र वाटेत सुरू. प्रारब्धाची, संचिताची ओळ आली असली की त्या रात्री तुकोबांचीसुद्धा सुटका नसायची. शब्द बाजूला ठेवून ते वाजवत नव्हते, शब्दांशी भांडत वाजवत होते. न पटणारी ओळ त्यांच्याइतकी नीट मंडळातल्या भाविकांपैकी कुणी ऐकत असेल, असं मला वाटत नाही. आता ही पळवाट म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, पण मग जरा तोंड सांभाळून, कारण तुम्ही माझ्या बापाबद्दल बोलताय.

आणि हे काही कोल्हापुरापुरतं नाही. तो अल्बम अलाबामातल्या मसल शोल्स स्टुडिओत झाला. निर्माते दोन, जेरी वेक्सलर आणि बॅरी बेकेट. त्यातला वेक्सलर ज्यू घरातला आणि पक्का नास्तिक. डिलन त्याला बायबल ऐकवायला लागला, तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, की मी बासष्ट वर्षांचा नास्तिक आहे, माझ्या नादी लागू नका, रेकॉर्ड करू या. आणि केली. तोही पळवाट काढत होता का?

त्या अल्बमवरची मार्क नॉफ्लरची गिटार मी का वाखाणली, तेही तुम्ही नीट वाचलेलं दिसत नाही. हा माणूस नखी न घेता उघड्या बोटांनी वाजवतो. शीर्षकगीतात डिलनची ओळ संपते, हा चार सूर टाकतो आणि बाजूला होतो. शब्द चिडलेले आहेत, गिटार चिडत नाही. आता शब्दच ऐकले नाहीत तर हा फरक कळणार कसा?

बीटल्सवाल्या जॉन लेननला याच अल्बममधलं 'गॉटा सर्व्ह समबडी', म्हणजे कुणाची तरी सेवा करावीच लागणार, हे गाणं खटकलं, तर त्यानं तुमच्यासारखा बहिष्काराचा फतवा काढला नाही. कुणाची कशाला, स्वतःचीच सेवा करा, असं टोमणा मारणारं गाणं रचलं. डिलनच्या त्याच गाण्याला १९८० मध्ये ग्रॅमी मिळालं. ते देणारे सगळे काय दर रविवारी चर्चला जाणारे होते?

राहिलं शीर्षकगीतातलं तेलवाल्या शेखांवरचं कडवं, १९८३ च्या 'इन्फिडेल्स'मधलं इस्रायलची बाजू घेणारं गाणं आणि २०१६ चं नोबेल. कडवं वाईटच आहे, मी त्याला चांगलं कधी म्हणालो? बाकीच्यावर भांडत बसलो तर जेवायला उठणार कधी.

आणि मंचावरून तो लोकांना उपदेश करायचा, हे मला सांगू नका. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्डमध्ये त्यानं ओळीनं चौदा कार्यक्रम केले आणि जुनं एकही गाणं म्हटलं नाही, हे मूळ लेखात होतं. त्या दौऱ्यांची ध्वनिमुद्रणं २०१७ मध्ये 'ट्रबल नो मोअर' या संचात आली आहेत. मागं जिम केल्टनरचे ड्रम आणि त्या गायिका काय करतात ते ऐका. त्यानंतर हवं तेवढं भांडू, फक्त या वेळी स्वतःच्या नावानं या.