सिस्टरने औषध लिहावं का? एका डॉक्टर वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

प्रतिक्रिया मन लावून लिहिलीत, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. आधीच्या लेखातलं माझं म्हणणं असं होतं की, प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना ठराविक औषधं लिहिण्याचा कायदेशीर अधिकार मिळायला हवा. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या सीएचओच्या (उपकेंद्रावरच्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या) हाती अँटिबायोटिक देणं म्हणजे सरकारमान्य बोगस डॉक्टर तयार करणं. दोन, ब्रिटन-अमेरिकेचे दाखले इथे गैरलागू आहेत. तीन, काही बिघडलं की मान अडकते ती पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओची, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याची. तिसऱ्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

पहिल्या आक्षेपात दोन वेगवेगळ्या माणसांची सरमिसळ झाली आहे. उपकेंद्रावरची सीएचओ म्हणजे बीएस्सी नर्सिंगनंतर सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स केलेली (आपल्याकडे बीएएमएस झालेलेही बरेच सीएचओ आहेत, त्यांना तूर्त बाजूला ठेवू). नर्स प्रॅक्टिशनर हे प्रकरण वेगळं. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरसाठी सुरू केलेला हा अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांची पदव्युत्तर रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत शिकणं) आहे. प्रवेशाला बीएस्सी नर्सिंग आणि वॉर्डातला किमान एका वर्षाचा अनुभव लागतो. प्रगत विकृतिशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी हे तिन्ही विषय स्वतंत्र आहेत, आणि बहुतेक वेळ आयसीयूत जातो. मिडवायफरीतल्या (बाळंतपणाच्या सेवेतल्या) नर्स प्रॅक्टिशनरचं प्रशिक्षण १८ महिन्यांचं : १२ महिने अभ्यास आणि प्रत्यक्ष काम, त्यापुढे ६ महिने निव्वळ प्रत्यक्ष काम.

आता गंमत बघा. सहा महिनेवाली उपकेंद्रातून औषधं देते ती कायद्याच्या चौकटीत, आणि दोन वर्षांची रेसिडेन्सी केलेलीची चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलमध्ये चालत नाही. कारण औषधे नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम). त्यातल्या नियम ६५ नुसार शेड्यूल एच, एच १ आणि एक्स या याद्यांमधली औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकता येतात आणि हा व्यावसायिक कोण ते नियम २(ईई) ठरवतो. त्यात परिचारिका नाही. मुख्तियार चंद खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने औषध लिहिण्याचा हक्क त्या चिकित्सापद्धतीत व्यवसाय करण्याच्या हक्काशी बांधला, त्यामुळे पळवाटही उरली नाही. उलट त्याच नियमांच्या शेड्यूल केमध्ये सवलत आहे : सरकारी आरोग्य किंवा कुटुंबकल्याण कार्यक्रमाखाली प्राथमिक केंद्र-उपकेंद्रातल्या परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका), बहुउद्देशीय कर्मचारी औषध देत असतील, तर विक्री परवान्याच्या तरतुदी त्यांना लागू होत नाहीत. म्हणजे औषध ‘देण्याला’ मुभा, ‘लिहिण्याला’ नाही. प्रशिक्षण एका टोकाला आणि अधिकार दुसऱ्या टोकाला, अशी ही मांडणी आहे. माझा आक्षेप तिच्यावर आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं (२०१९) कलम ३२ तुम्ही मोकळं रान दिल्याचा पुरावा म्हणून दिलं आहे. ते पूर्ण वाचलं तर त्यात तसं काही नाही. ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना, तोही नोंदणीकृत डॉक्टरांच्या संख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त जणांना नाही. विनिर्दिष्ट औषधं स्वतंत्रपणे लिहायची ती फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि औषधं कोणती, पात्रता काय, हे सगळं नियमांवर सोडलेलं. सीसीएमपीच्या वादापासून (होमिओपॅथीची पदवी, वर गरजेपुरतं आधुनिक औषधशास्त्र) आपल्याकडच्या डॉक्टरांना ‘ब्रिज कोर्स’ म्हटलं की तिडीक येते, ते समजतं. पण तो राग चुकीच्या दारात काढू नये. होमिओपॅथीच्या पदवीधराला दुसऱ्या चिकित्सापद्धतीची औषधं लिहायची असतात. आयसीयूतली सिस्टर रोज तीच औषधं भरते, टोचते, त्यांचे परिणाम बघते.

अँटिबायोटिकचा मुद्दा. एएनएम आजही ते देते, आणि सरकारच्या सांगण्यावरून देते. लहान मुलाच्या न्यूमोनियात २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर अमॉक्सिसिलिन. धोक्याचं लक्षण दिसलं तर पहिला डोस देऊन रेफर. यात चूक होते ती अँटिबायोटिक निवडताना नाही, श्वास मोजताना. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं, की एका श्वासाची गफलत चारची होते आणि ४८ चे ५२ होतात. पूर्ण मिनिट, मूल शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून मोजायचं. हे शिकवायला एमबीबीएस लागत नाही. कोणीतरी शेजारी बसून पंचवीस मुलं मोजून घ्यावी लागतात.

तीच गोष्ट मॅगसल्फची, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनची. झटके आलेल्या गरोदर बाईला रेफर करण्यापूर्वी १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणजे एका बाजूला ५ आणि एकूण १० अँप्यूल. घाईत ‘पाच अँप्यूल’ एवढंच डोक्यात राहिलं, तर बाई निम्म्या डोसवर रुग्णवाहिकेत चढते. याहून वाईट दुसरी चूक : डोस पूर्ण दिला, पण रेफर चिठ्ठीवर वेळ आणि मात्रा लिहिली नाही. मग पुढच्या रुग्णालयात पुन्हा लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस पडतो. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडेनासा झाला, श्वास १६ च्या खाली आला, लघवी ताशी ३० मिलीपेक्षा कमी झाली, की पुढचा डोस थांबवायचा असतो आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं.

आणि ऑक्सिटोसिन, गर्भपिशवी आवळणारं इंजेक्शन. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात १० युनिट स्नायूत, म्हणजे ५ युनिटच्या दोन अँप्यूल : हे आईचा जीव वाचवतं. तेच अँप्यूल बाळ यायच्या आधी सलाइनमध्ये घालून, थेंब न मोजता सोडलं, तर गर्भपिशवी फाटू शकते. म्हणून नुसती औषधांची यादी करून अधिकार देऊ नये, हे मी आग्रहाने म्हणतो. अधिकार द्यायचा तर औषध, कोणत्या कारणासाठी, किती, कितीदा आणि कुठे थांबायचं, या सगळ्याला मिळून द्यायचा. आपल्याकडची बरीच चर्चा यादीवरच अडकते.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा. सहा महिन्यांच्या कोर्सवर नवीन औषध स्वतःच्या मताने सुरू करू द्यावं का? माझं उत्तर नाही असंच आहे. रक्तदाबाचं घ्या. ठरलेली पद्धत अशी की एमओने गोळी सुरू करायची, सीएचओने दर महिन्याला रक्तदाब मोजून पुढच्या गोळ्या द्यायच्या. कागदावर ठीक. प्रत्यक्षात १५२/९६ असलेला माणूस महिनोन् महिने ॲम्लोडिपिन ५ वरच राहतो, कारण डोस वाढवायचा अधिकार उपकेंद्रात नाही, आणि पीएचसीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. इथे अरुंद अधिकार उपयोगी पडेल : दोन वेळच्या नोंदी १४०/९० च्या वर असतील, गोळ्या खरंच घेतल्या जात असतील, तर प्रोटोकॉलमधली पुढची पायरी, समजा टेल्मिसार्टन ४०, सीएचओने चढावी.

पण ही एक पायरी चढायला काय काय यावं लागतं ते बघा. बाई गरोदर आहे का किंवा व्हायच्या विचारात आहे का, हे विचारता आलं पाहिजे. टेल्मिसार्टन गर्भाला घातक आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) आणि पोटॅशियम केव्हा तपासायचं ते कळलं पाहिजे. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात हे माहीत नसेल, तर त्या सुजेवर लघवीची गोळी सुरू होते आणि एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या औषधाने झाकला जातो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेलं डायक्लोफेनॅक सगळ्यात फसवं. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन (रक्तदाबासाठीची लघवीची गोळी) आणि डायक्लोफेनॅक, वर उन्हाळा आणि जुलाब, एवढ्यावर मूत्रपिंड बसतं. ‘आणखी कुठली गोळी घेता?’ या प्रश्नाला लोक ‘काही नाही’ म्हणतात, कारण दुखण्याची गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही. पिशवी उलटी करून बघावी लागते.

ब्रिटनबद्दल तुम्ही म्हणता की तिथल्या नर्सेस मुळातच वेगळ्या शिकलेल्या. पण नाशिकमधून बीएस्सी नर्सिंग करून एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) गेलेली मुलगी तिथे नोंदणी झाल्यावर वर्षभरानंतर औषध लिहिण्याच्या अभ्यासक्रमाला पात्र ठरू शकते. फरक बेसिक पदवीत कमी, नंतरच्या गाळणीत जास्त आहे. तिथे नर्सेसनी औषध लिहिण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला, १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी प्रयोग सुरू झाला, तोही समाजात काम करणाऱ्या नर्सेसपुरता आणि छोट्या यादीवर. २००२ मध्ये यादी वाढली. २००३ मध्ये डॉक्टरसोबत रुग्णनिहाय लेखी आराखडा करून त्याच्या आत लिहिण्याची सोय आली. आपल्या कौशल्याच्या कक्षेतली जवळपास सगळी औषधं लिहिण्याची मुभा २००६ मध्ये, आणि नियंत्रित औषधं (मॉर्फिनसारखी) बव्हंशी २०१२ मध्ये. घाईघाईत काही झालं नाही.

‘व्ही ३००’ नावाचा तो अभ्यासक्रम साधारण २६ दिवसांचा, आणि वर देखरेखीखालचं सुमारे ९० तासांचं काम. इतकंच? असं तुम्ही म्हणाल. पण औषधशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला किमान ८० टक्के लागतात आणि डोसच्या गणितात १०० टक्के. एक गणित चुकलं की नापास. मूल्यमापन करणारी व्यक्ती स्वतः अनुभवी प्रिस्क्रायबर (औषध लिहिण्याचा अधिकार असलेली) असावी लागते. पास झाल्यावर तिथल्या नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत नावापुढे तशी नोंद होते, आणि ती होईपर्यंत लिहिलेली चिठ्ठी बेकायदा. एवढं करूनही दम्याच्या क्लिनिकमधली नर्स अपस्माराचं औषध लिहीत नाही. कायदा अडवत नाही, पण स्वतःच्या कक्षेबाहेर लिहिलं तर परिषद जाब विचारते. आपल्याकडे आणण्यासारखी आहे ती ही वैयक्तिक नोंद. पदाला अधिकार नको, परीक्षा दिलेल्या माणसाला हवा. बदली झाली, तरी तो अधिकार तिच्या नोंदणी क्रमांकासोबत जावा आणि त्या खुर्चीवर येणाऱ्या दुसऱ्याला आपोआप मिळू नये.

अमेरिकेचं थोडक्यात : ‘तिथे नर्सेस मोकाट आहेत’ हे अर्धसत्य आहे. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यूयॉर्कमध्ये ३६०० तासांच्या अनुभवानंतर डॉक्टरसोबतच्या लेखी कराराची अट सुटते, कॅलिफोर्नियात तीन वर्षं किंवा ४६०० तासांनी स्वतंत्र कामाची पहिली पायरी मिळते, टेक्ससमध्ये आजही डॉक्टरने सोपवलेलाच अधिकार आहे. त्यातून आपल्यासाठी फार काही हाती लागत नाही.

आता जबाबदारी. तुमची भीती खरी आहे, आणि ती आजच्या व्यवस्थेतून आली आहे. आयसीयूत रात्री तीनला रक्तातलं पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, येतं. सिस्टर फोन करते, डॉक्टर ‘केसीएल लाव’ (पोटॅशियम क्लोराइड) म्हणतात, सकाळी केसपेपरवर सही होते. किती, कशात, किती वेळात, हे कोणी ठरवलं? १५ टक्के केसीएलच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. हातावरच्या शिरेतून ताशी १० च्या वर जायचं नाही, सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून) २० पर्यंत, तेही मॉनिटर लावून. लघवी होत नसेल तर आधी विचारायचं. आणि अँप्यूल सरळ शिरेत कधीही ढकलायचं नाही, हृदय थांबतं. हे सगळं सिस्टरने ठरवलेलं असतं आणि सही तुमची असते. निर्णय तिचा, मान तुमची. लेखी प्रोटोकॉल, त्यात तिचं नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ, असं झालं तर तुमची जबाबदारी प्रोटोकॉल बरोबर असण्याची आणि देखरेख खरी असण्याची राहील. देखरेख खरी म्हणजे महिन्याला ठराविक केसपेपर काढून बघणं, दर महिन्याच्या मीटिंगमध्ये रजिस्टरवर नुसती सही ठोकणं नव्हे. त्यासाठी एमओला वेळ द्यावा लागेल, आणि तो आज कोणी देत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

सुरुवात कुठून करावी? केंद्रातल्या केंद्रात दिल्या जाणाऱ्या औषधांपासून. शेड्यूल केची मुभा तिथे आहेच, मेडिकल दुकानाचा संबंध येत नाही. बाहेरच्या दुकानात चालणारी चिठ्ठी हवी तर नियम २(ईई)ला हात घालावा लागेल, तो लांबचा पल्ला. शेड्यूल एच १ मधली औषधं, म्हणजे सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलम, मी कुठल्याच टप्प्यावर या यादीत घालणार नाही. त्यांच्यासाठी दुकानदाराला डॉक्टरच्या नावासकट वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते, ती उगीच नाही. आयसीयूतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी मात्र पोटॅशियम, इन्सुलिन इन्फ्युजन आणि नॉरॲड्रेनलिनचा (घसरलेला रक्तदाब वर आणणाऱ्या औषधाचा) डोस वरखाली करणं, एवढं लगेच लिहून द्यावं असं माझं मत आहे.

तुम्ही पीएचसीत काम केलं आहे असं लिहिलंत. वरच्यापैकी टेल्मिसार्टनची पायरी सीएचओला देण्याआधी तुम्ही तिच्याकडून कोणती तपासणी करून घ्याल, आणि पोटॅशियमचा रिपोर्ट तुमच्या तालुक्यात किती दिवसांनी हातात पडतो, हे कळवा. माझी सूचना तिथेच अडेल असं मला वाटतं.