आईची ओंजळ आणि नदीतला राडारोडा

आज सकाळी साडेसहाला पुण्यात विठ्ठलवाडीला नदीकडेने फिरायला गेले होते. एक डंपर रिव्हर्स घेत काठापर्यंत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने अख्खा राडारोडा मुठेत ओतला. विटा, फरशांचे तुकडे, फुटकं बेसिन. मी ओरडले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सगळेच टाकतात." घरी आले तरी हात थरथरत होते, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

२०१९ मध्ये आईला घेऊन भावाकडे कॅलिफोर्नियात गेले होते. एका रविवारी त्याने आम्हाला सिएरा नेवाडाच्या डोंगरात नेवाडा सिटीला नेलं. सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. तिथून पुढे युबा नदीवर गेलो. पांढरे गुळगुळीत खडक, हिरवं नितळ पाणी, तळातला गोटा न् गोटा दिसत होता. आई विठ्ठलवाडीची. लहानपणी मुठेतून हंडे भरून आणलेली बाई. चपला काढून पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली. म्हणाली, "आपली अशी होती रे."

तेवढ्यात भाऊ म्हणाला, इकडचे मासे जपून खावे लागतात, पारा असतो त्यांच्यात. आईला पटेना. "एवढ्या स्वच्छ पाण्यात पारा कुठून येईल?"

कुठून आला ते सांगते. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कोलोमाला सोनं सापडलं आणि अख्खं जग त्या डोंगरांत धावलं. तिथल्या मूळ रहिवासी निसेनान लोकांच्या त्या नद्या, त्यांना कोण विचारतो! आधी लोक नदीकाठची वाळू परातीत धुऊन सोनं काढायचे. ते सरत आल्यावर १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळच एडवर्ड मॅटेसनने युक्ती काढली. पाण्याचा जबरदस्त फवारा मारायचा आणि डोंगरच पाडायचा. पुढे तोफेसारख्या नळ्या आल्या. चिखल लाकडी पन्हळीतून सोडायचा, सोनं धरून ठेवायला त्यात पारा ओतायचा, बाकी सगळं नदीत. मालाकॉफच्या खाणीत डोंगर खाऊन केलेला तो प्रचंड खड्डा आजही आहे. आणि वाहून गेलेला पारा गाळात बसलाय, तोही आजही आहे. आई ज्या पाण्यात उभी होती त्याच नदीच्या गाळात.

हजारो घरांच्या चुली त्या खाणींवर पेटल्या, हे खरं. शहर वाढणार तर जुन्या इमारती पडणार, राडारोडा निघणार, तेही खरं. बरं. म्हणून नदीत?

युबाचा गाळ खाली मेरिसव्हिलपर्यंत गेला. पात्र भरत गेलं, इतकं की पुढे ते गावच्या रस्त्यांपेक्षा उंच झालं. बांध घातले, तरी १८७५ च्या जानेवारीत गाव बुडालंच. हे वाचताना मला आपल्या सिंहगड रोडवरची एकतानगरी आठवली, पुराचं पाणी घरांत शिरलं होतं ती. २५ जुलै २०२४. तिथल्या माझ्या मित्रमैत्रिणींना ती तारीख सांगायला नको. पाऊस भयंकर होता, खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं, मान्य. पण त्या पाण्याने जायचं कुठून? जागा ठेवलीय का आपण नदीला? आपणच तिच्या घशात विटा कोंबतो आणि मग घरात पाणी आलं की तिच्यावर चिडतो!

मेरिसव्हिलची माणसं मात्र कोर्टात गेली. समोर बड्या खाण कंपन्या, पैसा, वजन, सगळं. ७ जानेवारी १८८४ ला न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला की खाणीचा गाळ नदीत सोडायचा नाही. नुसता नदीत टाकू नका एवढंच. पण तोवर झालेलं नुकसान निस्तरता येईना. १९४१ मध्ये खाणींचा गाळ अडवायला युबावर एंगलब्राइट धरण बांधावं लागलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आईची ती ओंजळ डोळ्यांसमोरून हलत नाही. पारा म्हटल्यावर तिने हात झटकले नाहीत, तसेच ओले पदराला पुसले आणि बराच वेळ नदीकडे बघत बसली.

मघाशी तिने विचारलं, "नदीला पाणी आलंय का गं?" मी आलंय म्हटलं. डंपरचं नाही सांगितलं. आषाढीला तिला विठ्ठलवाडीला दर्शनाला न्यायचंय, आणि देवळातून बाहेर पडली की ती नदीकडे जाणारच.

डंपरचा नंबर आणि फोटो आहेत माझ्याकडे. तक्रार उद्याच करतेय. जवळ राहणारं कोणी सोबत येणार असेल तर सकाळी साडेसहाला देवळापाशी या.